एक न कापलेलं पान

मस्यू अंसेल्म ब्रिशार यांना एक पान कापायचं होतं. बस्स, एवढंच. घर बांधायचं नव्हतं, निवडणूक लढवायची नव्हती, कुणाची पोरगी उजवायची नव्हती. जुन्या पुस्तकातलं एक जोडलेलं पान सुरीने सरळ कापायचं आणि पुढे काय लिहिलंय ते वाचायचं. या कामाला धडधाकट माणसाला किती वेळ लागावा? ब्रिशारांना नऊ महिने लागले, आणि तेवढ्यात ते चोर ठरता ठरता राहिले.

नमनाला घडाभर तेल नको, म्हणून पुस्तकाचं थोडक्यात सांगून टाकतो. सां-ओबेर गावात दर सप्टेंबरात एका रविवारी लोक माळ्यावरची अडगळ फुटपाथवर मांडून विकतात. एकाची अडगळ दुसऱ्याच्या माळ्यावर जाते, पुढच्या वर्षी ती तिसऱ्याच्या, आणि गाव सुखात राहतं. तिथे वाफल भाजायचा गंजका साचा आणि पक्ष्यांचे तीन पिंजरे यांच्यामध्ये हे जाडजूड पुस्तक निळसर कागदी वेष्टनात पडलं होतं. बारा युरो. चौदाव्या लुईने देशाचे कायदे नव्याने लिहायला घेतले तेव्हा त्याने स्वतःची माणसं आणि मोठमोठे न्यायाधीश एका टेबलाशी बसवले. ते एकेका कलमावर भांडले, आणि कोण काय बोललं, त्यावर कोण काय म्हणालं, हे सगळं कुणीतरी जसंच्या तसं लिहून घेतलं. तेच हे पुस्तक. थोडक्यात, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मीटिंगचं इतिवृत्त. आता इमारतीच्या मागच्या महिन्याच्या सभेचं इतिवृत्तही कुणी वाचत नाही, तर हे कोण वाचणार?

ब्रिशार वाचणार. कारण ब्रिशार अडतीस वर्षं सां-ओबेरच्या कोर्टात कारकून होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; ब्रिशार ती रोज सकाळी साडेआठला चढत आणि कुणी काही विचारण्याआधी पेन उघडून बसत. वकील बोलत, साक्षीदार रडत, न्यायाधीश खोकत, आणि ब्रिशार लिहीत. खोकला सोडून सगळं. अडतीस वर्षांत त्यांनी स्वतःचं असं कोर्टात एकच वाक्य उच्चारलं, ते म्हणजे "उभे राहा". पुढे सरकारने कोर्टांची सुधारणा केली. सरकारने सुधारणा केली की काहीतरी बंद पडतं. या खेपेला सां-ओबेरचं कोर्ट बंद पडलं, आणि ब्रिशार घरी बसले. त्याला सात वर्षं झाली होती.

तर दुपारी जेवण झालं की खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं आणि रोज एक कलम वाचायचं, असा त्यांचा परिपाठ सुरू झाला. स्वयंपाकघरात त्यांची बायको ओदिल नासपतीसारख्या पिवळ्या आंबट फळांचा मुरंबा शिजवत असे. त्याचा गोडसर वास, खिडकीतून येणारं फिकट ऊन, आणि पुस्तकातले ते दोघं. त्यातला एक राजाचा माणूस, काटेकोर, सदा घाईत, कायदा कसा लखलखीत आणि सगळीकडे सारखा पाहिजे म्हणणारा. दुसरे वृद्ध न्यायाधीश, उत्तर देण्याआधी समोरच्याचं आधी कौतुक करणारे आणि मग हळूच त्याच्या पायाखालची सतरंजी ओढणारे. वाचता वाचता ब्रिशारांचे डोळे मिटत. मग तेही त्या टेबलाच्या शेवटाला बसलेले असत. मेणबत्त्यांचं मेण ठिबकत असे, कुणाच्या तरी बुटाची करकर ऐकू येई, आणि वृद्ध न्यायाधीश बोलता बोलता मध्येच थांबून त्यांच्याकडे बघत, लिहून झालं का म्हणून. ब्रिशार मान हलवत. मग पुढे. असं सुख त्यांना नोकरीत कधी मिळालं नव्हतं, कारण सां-ओबेरचे न्यायाधीश कारकुनासाठी थांबत नसत.

"आज कोणाकडे जाऊन आलास?" संध्याकाळी ओदिल विचारी. "राजाच्या माणसाकडे की म्हातारबाबांकडे?"

ब्रिशार गंभीरपणे सांगत, आज म्हातारबाबांचं पारडं जड होतं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झालेल्या माणसाला दुपारी कुठेतरी जाऊन यायला जागा असली की संसार बरा चालतो.

ऑक्टोबर संपता संपता ते एका फार मोठ्या कलमापाशी आले. आरोपीला शेजारी वकील बसवू द्यायचा की नाही? राजाचा माणूस म्हणाला, मुळीच नाही. ज्याने गुन्हा केलेला नाही त्याला खरं सांगायला मदत कशाला हवी? वकील हवा असतो तो फक्त बदमाशांना. आणि पानाच्या अगदी तळाशी शेवटची ओळ होती: त्यावर वृद्ध न्यायाधीश म्हणाले की.

पुढचं पान उघडेना. पूर्वी छापलेले मोठे कागद घडी घालून तसेच शिवत, आणि वाचणाऱ्याने घरी सुरी घेऊन एकेक घडी कापायची, अशी रीत होती. इथून पुढे शेवटपर्यंत एकही घडी कापलेली नव्हती. म्हणजे आधीच्या कुणा वाचकाने इथवर कापत कापत वाचलं, आणि नेमकं इथे सुरी खाली ठेवली. ब्रिशार अख्खी दुपार त्या माणसाचा विचार करत बसले. त्याला जेवायला हाक आली असेल का? की पाहुणे आले? सूप गार होतंय म्हणून माणूस उठतो, आणि दोनशे-तीनशे वर्षं परत येत नाही. त्यांना त्याची कीव आली आणि थोडा रागही आला.

तसा निकाल ब्रिशारांना पाठ होता. कायद्याशी संबंध आलेल्या कुणालाही असतो. वृद्ध न्यायाधीश हरले. वकील नाही म्हणजे नाही असं ठरलं, आणि पुढे शंभराहून जास्त वर्षं या देशात आरोपी एकटाच उभा राहिला. पण निकाल कळणं वेगळं आणि माणूस काय बोलला ते कळणं वेगळं. हे कारकुनाला नाही कळणार तर कुणाला कळणार?

त्यांनी स्वयंपाकघरातून हाडाच्या मुठीची फळं कापायची सुरी आणली, रुमालाने पुसली, आणि पात्याचं टोक घडीत सारलं. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

खालच्या मजल्यावरचे मस्यू व्हियमो शिडी परत करायला आले होते. व्हियमो हे निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं लोकांची पत्रं बाहेरून बघून त्यांना आतल्या मजकुराबद्दल ठाम मतं तयार झाली होती, आणि आता ती सवय सगळ्याच वस्तूंना लागू पडत होती. त्यात टीव्हीवर जुन्या वस्तूंची किंमत सांगणारा एक कार्यक्रम ते न चुकता बघत. त्यांनी पुस्तक पाहिलं, सुरी पाहिली, आणि शिडी दारातच टाकून आत आले.

"कापू नका," ते म्हणाले. "न कापलेलं म्हणजे दसपट किंमत. कापलंत की मेलं."

"म्हणजे वाचलं की किंमत उतरते?"

"मग काय तर. कुणी वाचलेलं नाही, याचेच पैसे असतात मस्यू ब्रिशार. वाचायचंच असेल तर वाचनालयातून आणा की एखादं."

ब्रिशारांना किमतीशी काही देणंघेणं नव्हतं, पण ओदिलला होतं. न्हाणीघराच्या छताला ओल आली होती. त्यातून माणसाला एकदा कळलं की आपल्या हातातली वस्तू मौल्यवान आहे, की तो तिला हात लावायला धजत नाही. सुरी खाली ठेवली गेली. त्या रात्री जेवताना ब्रिशारांच्या ध्यानात आलं की आपणही सूप गार होतंय म्हणून उठलो, आणि त्यांना घास गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी व्हियमोंनीच युक्ती काढली. पान वरून आणि बाजूने जोडलेलं असलं तरी खालून पोकळ होतं. ओदिलचा भुवया कोरायचा गोल आरसा खालून आत सरकवायचा, व्हियमोंनी विजेरी धरायची, आणि ब्रिशारांनी जमिनीवर उताणं पडून आरशातली उलटी अक्षरं वाचायची. तासाभराच्या मेहनतीने तीन शब्द हाती लागले: 'घरून', 'खोली' आणि 'लाज'. मग विजेरी ब्रिशारांच्या कपाळावर पडली. वय वर्षं एकोणसत्तर, माजी कोर्ट कारकून, बैठकीच्या खोलीत उताणे, कपाळावर टेंगूळ, आणि चर्चमधून ओदिलबरोबर आलेल्या दोन बायका दारात उभ्या. आपण काय करत होतो हे त्यांना समजावून सांगण्याचा ब्रिशारांनी प्रयत्न केला, आणि तेच चुकलं. नुसतं पडलो म्हणाले असते तर निभावलं असतं.

पण ते तीन शब्द मात्र डोक्यात घर करून बसले. दुपारी डोळा लागला की वृद्ध न्यायाधीश तोंड उघडत, 'घरून' म्हणत, आणि ओठ हलत राहत. आवाज येत नसे. ब्रिशारांचं पेन कागदावर टेकलेलं आणि लिहायला काही नाही.

अखेर ओदिलने फर्मावलं की नगरपालिकेच्या ग्रंथालयात जाऊन एकदाचं विचारून ये, कापू की नको. यालाच आपल्यात हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

ग्रंथालयातल्या मादाम लस्युर अतिशय गोड बोलल्या. जुन्या पुस्तकाबद्दल लेखी मत हवं असेल तर अर्ज, तीन प्रतींत. सोबत राहत्या पत्त्याचा पुरावा, म्हणजे तीन महिन्यांच्या आतलं विजेचं बिल. आता विजेचं बिल लग्नापासून ओदिलच्या नावावर येत होतं, गॅसचंही, आणि टेलिफोन तिच्या आईच्या नावावर होता, जी आठ वर्षांपूर्वी वारली होती. कागदोपत्री ब्रिशार कुठेच राहत नव्हते. तेव्हा मादाम लस्युर यांच्या सल्ल्यावरून ओदिलने एक प्रमाणपत्र लिहून दिलं, की खाली सही करणारी मी, अंसेल्म ब्रिशार नावाच्या गृहस्थांना माझ्या घरी आश्रय देते. ते लिहिताना तिला इतकं हसू आलं की दोनदा कागद बदलावा लागला. पुढचा आठवडाभर मुरंबा जास्त घेतला की ती आश्रय काढून घेण्याची धमकी देई. ब्रिशारांनी ते हसण्यावारी नेलं, पण आपल्याच घरात आपण पाहुणे असल्याचा पुरावा आपणच तीन प्रतींत दाखल केला, हे त्यांच्या मनाला लागलं.

अर्ज गेला, हिवाळा गेला. मार्चमध्ये मादाम लस्युर यांनी पुस्तक बघायला मागवलं, उजेडात धरलं, आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात जवळजवळ पुसलेला एक गोल शिक्का त्यांना दिसला. सां-ओबेरच्या कोर्टाचा.

या देशात सरकारी मालमत्ता ही एकदा सरकारी झाली की सरकारीच राहते. ती कुणी उचलो, विको, की तीनशे वर्षं दडवून ठेवो. मादाम लस्युर यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या की मला हे वर कळवावंच लागेल, आणि पुस्तक आता इथेच राहील. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "मस्यू ब्रिशार, तुम्ही नोकरी कुठे करत होतात?"

एप्रिलमध्ये नोंदणीकृत पत्र आलं. नवा पोस्टमन सही घेत होता तेव्हा व्हियमो जिन्यात उभे होते. त्यांनी लांबूनच पाकीट ओळखलं. "चौकशीचं आहे," ते म्हणाले, आणि दुपारपर्यंत अर्ध्या गावाला कळलं. माणूस वाईट नव्हता हो. इतकी वर्षं गावाला बातम्या घरपोच देण्याची सवय, ती निवृत्तीने थोडीच जाते?

दुसऱ्या दिवशी ब्रिशार पाव आणायला गेले तेव्हा पाववाल्या बाईने पाव कागदात गुंडाळून दिला आणि त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली नाही. सात वर्षांत पहिल्यांदा. कॅफेत वाइनचा पेला समोर आला, पण शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. गावात कुजबुज अशी, की जे कोर्ट बंद झालं तिथला कारकून जाता जाता ग्रंथालय घरी घेऊन गेला. एक पुस्तक सापडलं, बाकीची न्हाणीघराच्या छतात आहेत, म्हणूनच तिथे ओल आली.

आता कुणीही म्हणेल, यात घाबरण्यासारखं काय आहे? बारा युरो देऊन रस्त्यावर घेतलं, असं सांगून टाकायचं. पण अडगळीच्या बाजारात पावती कोण देतो? आणि खरी गोम निराळीच होती. ब्रिशारांना ते पुस्तक कोर्टातून बाहेर कसं पडलं हे ठाऊक होतं. शिक्का दिसला त्याच क्षणी कळलं होतं, आणि ते त्यांनी ओदिललाही सांगितलं नव्हतं.

कोर्टाच्या शेवटच्या शुक्रवारी तळघरातून तीन खोकी वर आली होती. टाकून द्यायच्या सामानाची यादी करणं कारकुनाचं काम. नियम असा की प्रत्येक खोकं उघडायचं, आतली प्रत्येक वस्तू बघायची आणि लिहायची. ब्रिशारांनी अडतीस वर्षं तुटक्या दौतीसुद्धा मोजून लिहिल्या होत्या. पण त्या शुक्रवारी भिंतीवरून घड्याळ उतरवत होते, त्यांचं टेबल दोन हमाल आडवं करून नेत होते, आणि एकाही वरिष्ठाने जाता जाता हात मिळवला नव्हता. ब्रिशारांनी खोकी उघडली नाहीत. न बघताच लिहून टाकलं: 'जुने कागद, तीन खोकी, निरुपयोगी'. वर सही, शिक्का, आणि न्यायाधीशांनीही न वाचता खाली सही केली. खोकी रस्त्यावर गेली. कुणीतरी त्यातलं उचललं असणार, आणि पुढे काय ते अडगळीच्या बाजाराला माहीत.

म्हणजे चोरी केली नाही हे सिद्ध करायचं, तर गबाळेपणा केला हे कबूल करायचं. तुम्हाला-मला ही निवड सोपी वाटेल. ब्रिशारांना नव्हती. चोर म्हटलं तर लोक निदान चार दिवस दबकून राहतात. पण न बघता यादी करणारा कारकून? मग आधीच्या अडतीस वर्षांच्या सहा हजार इतिवृत्तांवर कोण विश्वास ठेवणार? आयुष्यात दुसरं काही कमावलेलं नाही; मूल नाही, बाळ नाही, पदक नाही. ब्रिशारांनी लिहिलं म्हणजे ते तसंच घडलं, एवढीच काय ती पुंजी. तीच आपल्या हाताने नाल्यात टाकायची. आपलेच दात, आपलेच ओठ.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा सगळा देश समुद्रावर जाऊन पडतो तेव्हा, जिल्ह्याच्या कोर्टात बोलावणं आलं. ओदिलने त्यांचा लग्नातल्यासारखा काळा कोट काढला, खांद्यावरचं न दिसणारं काहीतरी झटकलं, आणि म्हणाली, "मी बाहेर बाकावर बसते. नीट बोल. निदान बोल तरी."

खोलीत चौघं होती. चौकशी करणाऱ्या न्यायाधीश मादाम वोक्लेर. पुस्तकाच्या आईसारख्या चिंतातुर, ग्रंथालयातल्या मादाम लस्युर. पांढरे हातमोजे घातलेले एक दाढीवाले जुन्या पुस्तकांचे तज्ज्ञ. आणि टंकलेखन यंत्रासारख्या जुनाट संगणकामागे मादाम सोलांज पेतितो. या सोलांजबाईंनी ब्रिशारांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली होती. स्वल्पविराम कुठे द्यायचा हे त्यांना ब्रिशारांनीच शिकवलं होतं. त्यांनी मान वर केली नाही.

मादाम वोक्लेर म्हणाल्या, ही काही सुनावणी नाही, साध्या गप्पा आहेत, त्यामुळे वकिलाची गरज नाही. मग पहिला प्रश्न आला, की हे पुस्तक कोर्टाबाहेर कसं गेलं याची तुम्हाला काही कल्पना आहे का.

ब्रिशारांनी तोंड उघडलं. मात्र उजवा हात खिशात गेला, पेन निघालं, वही निघाली, आणि त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं: 'प्रश्न: पुस्तक बाहेर कसे गेले याची कल्पना आहे काय. उत्तर:' आणि पेन तिथे थांबलं, समोरचा माणूस बोलण्याची वाट बघत. समोर कुणी नव्हतं. समोरचा माणूस तेच होते.

दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न. ब्रिशार लिहीत होते, सोलांजबाई टंकत होत्या. एकाच चौकशीची दोन इतिवृत्तं तयार होत होती आणि दोन्हींत उत्तराची जागा कोरी होती. तज्ज्ञांनी खोकून घेतलं. ब्रिशारांनी ते लिहिलं नाही.

"मस्यू ब्रिशार," मादाम वोक्लेर शेवटी म्हणाल्या, "तुम्ही इथे बोलायला आलाय. लिहायला त्या आहेत." त्यांनी चष्मा काढला. उकाडा फार होता, खिडकीबाहेर चौकात कबुतरंसुद्धा सावलीला गेली होती, आणि त्यांचीही सुट्टी उद्यापासून होती. "बरं, ते राहू दे. मला एवढंच सांगा, तुम्हाला या पुस्तकाचं करायचं काय होतं?"

"पुढचं पान," ब्रिशार म्हणाले.

स्वतःचा आवाज ऐकून ते दचकले. मग सगळं सांगितलं, अगदी पुरतं. टेबल, मेणबत्त्या, राजाचा माणूस, म्हातारबाबा, 'त्यावर वृद्ध न्यायाधीश म्हणाले की'. आरसा आणि विजेरीसुद्धा. मादाम लस्युर यांनी तोंडावर हात धरला. मादाम वोक्लेर मात्र पुढे झुकल्या होत्या. त्या कायदा शिकत असताना हे कलम परीक्षेला होतं, त्या म्हणाल्या. उत्तर एका ओळीचं: वकील नाकारला. दोन गुण. ते न्यायाधीश काय बोलले असतील, असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि त्यांनाही पडला नव्हता.

त्यांनी पुस्तक ब्रिशारांकडे वळवलं. मग म्हणाल्या, "कापा."

तज्ज्ञ उभे राहिले. कापलं की हा ग्रंथ चारचौघांसारखा होईल, अशा कापलेल्या प्रती कितीतरी सापडतात, ही जपायची ती फक्त न कापल्यामुळे, असं ते कळवळून म्हणाले. मादाम लस्युर म्हणाल्या, यासाठी समितीचं मत मागवावं लागतं, समिती नोव्हेंबरात बसते. मादाम वोक्लेर यांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की वस्तूत काय आहे हे न बघता मी वस्तूबद्दल निर्णय देऊ शकत नाही. त्यांनी टेबलावरची पाकिटं फोडायची सुरी ब्रिशारांपुढे सरकवली.

जुना कागद कापताना करकर होत नाही. पिकलेल्या गव्हातून कुणी सावकाश चालत जावं, तसा आवाज येतो. घडी उघडली. आतला कागद बाहेरच्यापेक्षा पांढरा होता. त्याने कधी ऊनच पाहिलं नव्हतं. ब्रिशारांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

त्यावर वृद्ध न्यायाधीश म्हणाले की, आपण फार नेमकं बोललात, महाशय. परंतु मी चाळीस वर्षं या लोकांसमोर बसलो आहे. दोषी माणूस तयारी करून येतो. निर्दोष माणूस घरून काहीच आणत नाही. त्याला एका खोलीत उभं करतात. समोरच्यांना सगळे शब्द येतात, आणि त्याच्याजवळ एकच साधी गोष्ट असते, जी सांगितली तर तो सुटेल, आणि नेमकी तीच सांगायची त्याला लाज वाटत असते. आपण विचारता, सत्य सांगायला मदत कशाला. मी म्हणतो, सत्यालाच लागते. वकील नको असेल तर नको. त्याच्या बाजूला कुणाला तरी बसू द्या. बोलू नये, नुसतं बसावं.

पुढची ओळ ब्रिशारांनी जेमतेम वाचली: कलम आहे तसेच ठेवण्यात आले.

साडेतीनशे वर्षांत ते वाक्य निदान या प्रतीतून तरी पहिल्यांदाच बाहेर आलं होतं, आणि ते जिथे बसायचं तिथे नेमकं बसलं होतं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सोलांजबाई उठल्या, संगणक तसाच सोडून टेबलाला वळसा घालून आल्या, आणि ब्रिशारांच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. नुसत्या बसल्या. मादाम वोक्लेर यांनी हरकत घेतली नाही.

"मी खोकी उघडली नाहीत," ब्रिशार म्हणाले.

आणि मग तो शुक्रवार, ते घड्याळ, ते आडवं टेबल, न मिळवलेले हात, सगळं बाहेर आलं. यादी मी केली. न बघता केली. रागाने केली. त्यात हे पुस्तक होतं, आणि मी त्याला निरुपयोगी लिहिलं.

मादाम वोक्लेर म्हणाल्या, "हे सगळं नोंदवलंच पाहिजे असं नाही. कोर्टाने टाकून दिल्याचं कळलं, मला तेवढं पुरे आहे. तुमच्या यादीबद्दल नाही लिहिलं तरी चालेल."

ब्रिशारांनी आपली वही सोलांजबाईंपुढे ठेवली आणि पेन त्यांच्या हातात दिलं. "लिही, सोलांज," ते म्हणाले. "उत्तर, दोन टिंबं. मी सांगतो."

सोलांजबाईंनी लिहून घेतलं. एकदा त्यांचा हात मागे पडला, तेव्हा ब्रिशार बोलता बोलता थांबले, त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी मान हलवल्यावर पुढे निघाले.

ठरलं ते असं. ब्रिशार चोर नाहीत. यादीत त्रुटी आहे, ती नोंदवण्यात आली. पुस्तक ग्रंथालयात राहील. तज्ज्ञांच्या मते आता ते कुणालाही हातात द्यायला हरकत नाही, कारण त्यात जपण्यासारखं काही उरलेलं नाही. हे सांगून तज्ज्ञांनी हातमोजे काढले आणि खिशात कोंबले.

बाहेरच्या बोळात ओदिल बाकावर बसून होती. दीड तासात तिने पर्सचा पट्टा पिळून पिळून त्याची दोरी केली होती. ब्रिशार बाहेर आले, तिच्या शेजारी बसले आणि रुमाल काढला. त्यांचे डोळे भरून वाहत होते.

"काय झालं?" तिने विचारलं. तिच्या आवाजात जीव नव्हता.

"हरले."

"देवा. आता रे?"

"मी नाही. म्हातारबाबा. त्यांचं कुणी ऐकलं नाही." ब्रिशारांनी नाक पुसलं. "मी सुटलो."

ओदिलने आधी एक मोठा श्वास सोडला, मग त्यांच्या दंडावर जोरात चापट मारली, आणि मग विचारलं, की अरे सुटलास ना, मग रडतोयस कशाला.

ब्रिशारांनी रुमालाची नीट घडी घातली.

"त्यांना कुणीतरी कळवायला हवं होतं," ते म्हणाले. "एकजण सुटला म्हणून."